गोड पाण्याचा वेल आणि शिंगवाला भुंगा

ऐका हं. समुद्राच्या अगदी काठावर एक राजा राहायचा. राज्य एवढंसं. सकाळी घोड्यावर बसला की जेवायच्या वेळेला राज्य संपलेलं!

एका वर्षी काय झालं, समुद्र बांध फोडून आत आला. दोन दिवस राहिला आणि निघून गेला. पण जाताना विहिरीविहिरीत मीठ ठेवून गेला. राजाची विहीर खारट, गरिबाची विहीर खारट. मग माणसं डोंगरापलीकडून गोड्या पाण्याच्या घागरी आणायला लागली. जायला एक दिवस, यायला एक दिवस.

त्या राज्यात बायजा नावाची एक बाई होती. नवरा कधीच वारलेला. लेक मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली होती. एकदा बायजा शिंपल्या वेचायला गेली, तर वाळूत एक वाळका भोपळा पडलेला. हलवला तर खुळखुळ वाजला. फोडला तर आत एकच बी. पांढरंशुभ्र, दातासारखं.

बायजाने ते परसात पुरलं, आणि घरात होतं ते खारट पाणीच वर ओतलं. दुसरं कुठून आणणार? पहिल्या दिवशी कोंब आला. दुसऱ्या दिवशी वेल कुडावर चढला. तिसऱ्या दिवशी छपरावर गेला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली आणि सकाळी बघते तर भोपळेच भोपळे!

तिने एक कापला. आत गर नाही, बी नाही. नुसतं पाणी. बोट बुडवून चाटलं आणि बायजाने भोपळाच तोंडाला लावला. गोड पाणी, बरं का! मुळाशी खारट ओतलेलं, शेंड्याला गोड झालेलं.

मग सगळं गाव लोटलं. रोज घरटी एक भोपळा. रोज सकाळी तेवढेच नवे लागायचे. राजासुद्धा आपला तांब्या घेऊन रांगेत उभा राहायचा. मंजुळाला मुलगी झाली. पोटभर पाणी मिळालं, तसं मंजुळाला दूधही आलं.

आणि मग आले भुंगे.

आधी आले तांबडे. गुंजेएवढे, पण हजारो. दुपारपर्यंत पानांची चाळण झाली. राजाने शिपाई धाडले. ते काठ्या घेऊन वेलावर तुटून पडले. भुंगे भुर्रकन उडाले, आणि पानं फाटली, दहा भोपळे फुटले.

"महाराज, तुमचे शिपाई आवरा," बायजा म्हणाली. "भुंगे गेले ते परत येतील. पानं गेली ती कुठून आणू?"

राजा ओशाळला. "मग मी काय करू, बाई?"

"बसा इथे. काय करतात ते बघू."

राजा बसला की धुण्याच्या दगडावर! दोघं बघत राहिली. दोरीवर बाळाचं लंगोट वाळत होतं, हळदीचे हात लागून पिवळं झालेलं. बघतात तर भुंगे वेल सोडून त्या लंगोटावर. बायजाने फडकी हळदीत बुडवली, त्यांना फणसाचा चीक फासला आणि काठ्यांना बांधून वेलाभोवती उभी केली. तांबडे भुंगे आले ते तिथेच चिकटले. संध्याकाळी पिवळं फडकं तांबडं झालेलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आले काळे. ते कोवळे शेंडे खायला लागले. मंजुळाने ओसरीवर दिवा लावला, तसे दहा-वीस भुंगे दिव्यावर धडकले. बायजाने ते बघितलं. तिने अंगणात मोठी परात ठेवली, त्यात खारट पाणी भरलं, वर तेलाचा थर सोडला, मधे वीट आणि विटेवर दिवा. मग टपटप, टपटप, परात भरून गेली. सकाळी कोंबड्यांची चंगळ झाली.

तिसऱ्या दिवशी जमीनच थरथरली. वेलाच्या बुंध्याशी एक भुंगा बसला होता. बोकडाएवढा! डोक्यावर वाकडं शिंग. बायजा विळा घेऊन धावली तोवर तो मातीत घुसला. बुंधा अर्धा कुरतडलेला. वेल मलूल झाला, भोपळे गळाले. शेंड्याला एकच राहिला.

फडक्याला तो चिकटेना, दिव्याला भुलेना. आता?

राजा म्हणाला, "बाई, तेलाच्या घाण्यामागे एरंडीची पेंड कुजून पडली आहे. तिथली माती आज उकरलेली दिसली."

बायजाचे डोळे चमकले. "म्हणजे कुजक्या वासाला येतो तो! महाराज, तुमच्या वाड्यातला मोठा रांजण द्याल?"

रांजण आणला. वेलापासून लांब, गळ्यापर्यंत पुरला. गळ्याला आतून तेल चोपडलं, तळाशी कुजकी पेंड आणि पाणी. वास असा की राजाने नाकाला शेला लावला. मग सगळी गप्प बसून राहिली. अंधार पडता पडता आवाज झाला, धप्प!

राजा तलवार उपसून धावला. बायजाने कंदील खाली धरला. आणि दोघंही जागच्या जागी थबकली. अरे, काय त्याची पाठ! काळ्या पाठीत हिरवा उजेड, हिरव्यात निळा, निळ्यात सोनेरी. विहिरीत आभाळ वाकून बघावं तसं. राजाची तलवार खाली आली, त्याचं त्याला कळलंसुद्धा नाही.

भुंगा जड आवाजात म्हणाला, "मारायचं तर मारा. समुद्राने तुमच्या विहिरी नासवल्या, तशी आमची झाडांची राईही नेली. माझी पोरं मातीखाली उपाशी आहेत. सगळ्या काठावर हा एकच वेल हिरवा. आम्ही जायचं कुठे?"

बायजाने एकदा वेलाकडे बघितलं, एकदा बांधाकडे. मग म्हणाली, "बांधावर दुसरा वेल लावला तर? तो तुमचा. शेजारी शेणखताचा ढीग, तुझ्या पोरांना. पण माझ्या वेलाला तोंड लावायचं नाही."

"बी कुठलं?"

सगळ्यांनी वर बघितलं. शेवटचा भोपळा. पण बी हवं तर तो वेलावरच वाळायला हवा. पाणी प्यायचं नाही. आणि आत बाळ रडत होतं.

मंजुळा दारात आली. म्हणाली, "आई, राहू दे तो वेलावर. मी काढेन दिवस."

राजा पुढे झाला. त्याने तलवार शिपायाच्या हातात दिली, एक घागर उचलली आणि डोंगराची वाट धरली. स्वतः, बरं का! रात्रभर चालत गेला, दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता आला, मंजुळाच्या दारात घागर ठेवली, आणि पहाटे परत निघाला. मग त्याच्यामागून शिपाई निघाले, सगळं गाव निघालं.

इकडे बायजाने रांजणात फळी सोडली आणि भुंग्याला वर घेतलं. तो कुठे गेला? वेलाच्या बुंध्याशी जाऊन बसला, राखणीला! नऊ दिवस कुणी भुंगा त्या वेलावर फिरकला नाही.

दहाव्या दिवशी भोपळा खुळखुळला. फोडला तर आत शंभर बिया. बायजाने पहिलं बी बांधावर पुरलं, भुंग्यांसाठी. मग घराघरात एकेक दिलं.

तिसऱ्या संध्याकाळी सगळा काठ हिरवा झाला आणि सगळीकडे एकदम पांढरी फुलं उमलली. तेवढ्यात बांधावरून भुंगे उठले. हजारो. तांबडे, काळे, आणि मधे तो शिंगवाला. मावळतीचा उजेड त्यांच्या पंखांवर पडला आणि वाटलं, आभाळच चालायला लागलं. सगळं गाव बांधाशी उभं होतं. राजा खांद्यावरची घागर खाली ठेवायलासुद्धा विसरला.

पिवळी फडकी आणि पराती मात्र घरोघर राहिल्या हो. हजारांत दहा-बारा वात्रट असतातच, तुमच्यासारखे!

तर असं सगळं गाव सुखाने पाणी प्यायलं, आणि मंजुळाचं बाळ पोटभर दूध पिऊन गाढ झोपलं. मिटा आता तुम्हीही डोळे.