हिरोजी सौदागराची बंदूक

"उद्या दुपारपर्यंत या बंदुकीची कुळकथा आणि खरी किंमत सांगायची! तुम्ही शिकलगारांनी बार काढायचा नाही, एक खिळाही सैल करायचा नाही! नाही जमलं, तर शस्त्रागाराच्या किल्ल्या खाली ठेवायच्या!"

सर्जेराव महाराजांनी हुकूम सोडला आणि लांबलचक बंदूक म्हाताऱ्या बाबालाल शिकलगाराच्या हातात आली. चाळीस वर्षं तो वाघजाई संस्थानची हत्यारं दुरुस्त करत होता. आता डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण काम सुटलं तर खायचं काय?

बंदूक आणली होती हिरोजी सौदागरानं. "परमुलखातल्या सेनापतीची आहे, महाराज! वीस लढाया मारल्यात हिनं! शेवटचा बार खुद्द त्यानं काढला, म्हणून हिला पुन्हा कुणी उडवत नाही. हजार मोहरा!" महाराज ऐकून हरखले. बाबालाल एवढंच म्हणाला होता, "सरकार, जरा तपासून घ्यावी." झालं! महाराजांना राग आला, आणि त्यांचा राग म्हणजे हट्टच.

घरी बाबालालच्या लेकीनं, जैबूननं, बंदूक उन्हात धरली. नळीच्या तोंडात बोट फिरवलं, दस्ता उलटा करून पाहिला. मग कुंभाराकडचं मडकं वाजवावं तशी नळी बोटानं वाजवली. खण्ण व्हायला हवं, तिथं भद्द झालं.

"अब्बा, जेवून घ्या," ती हसली. "उद्या दरबारात मी येते."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बाबालालशेजारी उभं राहून जैबूननं मुजरा केला.

"सरकार, वीस लढायांत दारू ठासून ठासून गजानं नळीचं तोंड झिजतं. हिचं कोरं हाय. झिजलाय तो दस्त्याचा तळ, फरशीवर टेकून टेकून. ही सेनापतीची न्हाई, पहारेकऱ्याची. फौजेनं मोडीत काढली, कारण नळीला चीर गेलीय. चिरेत शिसं भरून वरनं काळं फासलंय."

"खोटं!" हिरोजी ओरडला. "कालची पोर मला बंदूक शिकवणार?"

महाराजांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हणजे आम्ही फसलो म्हणतेस?"

"सरकार कुठं फसले? सरकारांनी अजून मोहरा दिल्यात कुठं?"

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशी चावली. "तुझा शब्द आणि त्याचा शब्द. खरं कुणाचं?"

"आपल्या शस्त्रागाराची रीत ठरवंल, सरकार. अब्बांनी दिलेली बंदूक आधी अब्बांच्या खांद्याला लागती, मग शिपायाच्या. देणाऱ्यानं पहिला बार काढायचा. आम्हांला मनाई हाय, सौदागरांना न्हाई!"

"वा! भरा बंदूक!" महाराजांनी मांडीवर थाप मारली.

जैबूननं नळीत दारू ओतली. हिरोजीनं कपाळ पुसलं. "महाराज, आपल्यासाठी... पाचशे मोहरा चालतील."

तिनं नळीत गोळी सोडली.

"शंभर! घरचाच व्यवहार आहे!"

तिनं गजानं सावकाश ठासलं. एकदा. दोनदा.

"दहा! अहो, दहा!"

तिनं बंदूक त्याच्या हातात दिली. "खांद्याला नीट लावा हं, सौदागर. गाल दस्त्याला टेकवा. आता ओढा घोडा!"

हिरोजीनं बंदूक अलगद जमिनीवर ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी. "फुकट घ्या, महाराज! माझ्याकडून भेट!" आणि पागोटं सावरत तो दरवाजाकडे धावला.

जैबून हात जोडून म्हणाली, "सरकार, कुळकथा मी सांगितली. किंमत सौदागरांनी सांगितली."

महाराजांचा हट्ट मात्र अजून जागेवर होता. "फुकट मिळाली ती भेट. किंमत आम्ही तुला विचारली होती! काय लिहायची? शून्य?"

बाबालालनं खाली ठेवायला कमरेच्या किल्ल्या सोडल्या. जैबूननं दरवाजाबाहेर पाहिलं. हिरोजीची पायताणं मागंच राहिली होती आणि तो अनवाणी वेस ओलांडत होता.

"शून्य कसं, सरकार? हिनं जन्मात एक लढाई पाहिली न्हवती. आज पहिलीच लढली, आणि बार न काढता शत्रूला वेशीबाहेर पळवलं! अशी दुसरी बंदूक शस्त्रागारात असंल तर दाखवा, तिचीच किंमत हिला लावू!"

महाराजांची मिशी थरथरली, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले की तुरा नाकावर आला. "जिंकलीस, पोरी! बाबालाल, किल्ल्या लेकीच्या हातात दे! यापुढं हिनं वाजवून पाहिल्याशिवाय एकही हत्यार आत येणार नाही! आणि ही बंदूक शस्त्रागाराच्या दारावर टांगा. पहाऱ्याची तिला सवय आहेच!"