टेन्शनची दोन टोके

ऐन वादळात माझ्या भावाने तंबूचे दोर सैल का सोडले?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. तंबूचे मालक म्हणाले, "झालं गेलं. टेन्शन घेऊ नकोस." भावकीतले म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस, वहिनीकडं बघ." वहिनीला दवाखान्यात नेले तर डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाले, "हायपरटेन्शन आहे. गोळी रोज घ्यायची." म्हणजे बाकीच्यांनी नको म्हटलेली वस्तू आमच्या घरात कधीच येऊन बसली होती.

माझा भाऊ जत्रांमधून फिरणाऱ्या सिनेमाच्या तंबूवर कामाला होता. गेल्या चैत्रात एका गावी खेळ चालू असताना वळीव आला. दादा एकटा बाहेर पडला आणि त्याने एका अंगाचे दोर सोडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तंबू पडला. आतली माणसे कनातीखालून निघाली, कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय. मधला खांब दादाच्या अंगावर आला. गेला तो एकटाच.

लोक म्हणाले, यानेच दोर सोडले म्हणून तंबू पडला. आणि तंबू पडतोय हे पाहून हा पळत होता, असे त्याच्या सोबत्यांनीच सांगितले. वहिनीने त्याचा फोटो कपाटात पालथा ठेवला. माझी पुतणी मनू हिला शाळेत कोणी 'पळपुट्याची पोर' म्हणाले. त्या दिवसापासून ती घरात कोणाशी बोलेना. मी मात्र बोलायचो, आणि बोलून भागले नाही की हात उचलायचो. भावकीतल्या एकाचा मी दात पाडला. दात पाडून भावाचे नाव काही स्वच्छ झाले नाही.

एकदा एक म्हातारा होता, आणि त्याच्याकडे प्रश्न घेऊन गेलेला एक तापट तरुण होता. तो तरुण मी. म्हाताऱ्याला तंबूवर सगळे वस्ताद म्हणत. सारा जन्म त्यांनी तंबू उभे करण्यात घालवला होता, आणि दादाच्या हाताला वळणही त्यांनीच लावले होते. दादा गेला तेव्हा ते आजारी होऊन आपल्या गावी पडले होते. बरे होऊन परतल्यावर त्यांच्याकडून जड काम होईना, म्हणून ते तंबूच्या सावलीत हातमशीन घेऊन फाटके कापड शिवत बसायचे.

मी पाया पडलो नाही. समोर उभा राहिलो आणि विचारले, "वस्ताद, दादानं दोर का सोडले?"

त्यांनी मान वर केली. "तू त्याचा धाकटा. किती शिकलास?"

"चौथी."

"मग चौथीच्या पोराला कळंल असं सांगायला पायजे. त्याला वेळ लागंल. ऱ्हा हितं कामाला."

"मला काम नको, उत्तर पायजे."

"तो सापडला कुठं?" त्यांनी उलट मलाच विचारले.

"उगवतीच्या अंगाला."

"आणि सोडलेले दोर?"

"मावळतीचे."

मशीनचे चाक फिरायचे थांबले. वस्ताद नुसते "बरं" म्हणाले आणि पुन्हा शिवू लागले. मला वाटले, म्हातारा बहिरा आहे, नाहीतर पाषाणहृदयी. तरी मी राहिलो. जायला दुसरी जागा नव्हती.

पहिल्या दिवशी मला शिवायला बसवले. टाके खाली लोंबू लागले. वस्ताद म्हणाले, "आधी टेन्शन बघ."

माझे डोके फिरले. "तुम्हीपण सुरू झालात का वस्ताद?"

"अरे बाबा, मशीनचं म्हणतोय." त्यांनी दोन चकत्यांमधून जाणारा दोरा आणि त्यावरचा लहानसा स्क्रू दाखवला. "वरचा दोरा ढिला पडला की खाली गुंता होतो. फार आवळला की कापड गोळा होतं. वरच्यानं आणि खालच्यानं सारखं ओढायचं, की टाका कापडाच्या पोटात बसतो. दिसतसुद्धा नाही."

त्यानंतर तो शब्द माझा पाठलागच करू लागला. जनरेटरवाला पट्ट्यावर अंगठा दाबून म्हणायचा, "बेल्टला टेन्शन नाही, घसरतोय." पुढच्या गावी मालकांनी तंबूसाठी सपाट जागा पाहिली, तर वायरमन आडवा आला. म्हणाला, "हितं नको. वरनं हायटेन्शन गेलंय." घरी फोन केला की वहिनी विचारायची, "टेन्शनच्या गोळ्या संपल्यात, आणतोस का?"

एका दुपारी मी चिडून म्हणालो, "वस्ताद, या एका शब्दाला धनी तरी किती? दवाखान्यात त्याची गोळी मिळते, मशीनमधे स्क्रू हाय, तारेत मरण हाय. आणि माझ्याकडं आलं की म्हणतात, घेऊ नकोस."

वस्ताद हसले. "आमच्या तरुणपणी हा शब्द नव्हता. तंबूच्या दोरालाच आम्ही तणावा म्हणायचो. कोणी काही म्हणू दे, तू एवढंच बघायचं, की दोन टोकं कुठली. दोराला एकच टोक कधी नसतं."

"तारेतपण?"

"तारेचं मला ठाऊक नाही. तिथं हात लावून बघायची सोय नाही."

मी हसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि लगेच मलाच कसेतरी वाटले.

पुढच्या जत्रेत दुपारचा खेळ बायकांसाठी लावला होता. तंबू भरला होता. मांडीवर लेकरे घेऊन बाया बसल्या होत्या. उन्हाने दोर कोरडे ठणठणीत झाले होते आणि सकाळीच आम्ही ते आवळून बांधले होते. लहान दोर नायलॉनचे होते. मोठ्या खांबांचे दोर मात्र अजून जुने, अंबाडीचे, मनगटाएवढे जाड.

मावळतीकडून आभाळ काळे झाले. वारा सुटला. छताचे कापड फडफडू लागले, आणि मी धावत मावळतीच्या मोठ्या दोराकडे गेलो, तो आणखी आवळायला. एवढी अक्कल मला होती, असे मला वाटत होते.

मागून वस्तादांचा आवाज आला. "आवळू नको. सोड."

मी वळून पाहिले. "काय?"

"दोर सोड. हातभर ढील दे."

टपोरे थेंब पडायला लागले होते. आत एक लेकरू रडत होते. म्हातारा काठी टेकत माझ्याकडे येत होता आणि त्याच्या तोंडी तेच शब्द होते, ज्यांनी माझ्या भावाला मारले होते. मी ओरडलो, "दादानं हेच केलं आणि मेला! आत बाया हायत, पोरं हायत! मी नाय सोडणार!"

"मग नको सोडू," वस्ताद शांतपणे म्हणाले. "दोराला नुसता हात लाव."

मी हात लावला. सकाळी मीच बांधलेला तो दोर नव्हता. पाणी पिऊन तो फुगला होता आणि आखडला होता. लोखंडाच्या कांबीसारखा लागत होता. मी खाली पाहिले. दोर बांधलेली मेख जमिनीतून वर येत होती. तिच्याभोवतीची माती उकलत होती, आणि प्रत्येक सरीबरोबर ती थोडी आणखी वर सरकत होती. तिला वारा उपटत नव्हता. आम्ही घट्ट बांधलेला दोरच तिला उपटत होता.

दादाच्या हाताला हेच लागले असणार.

मी गाठीला हात घातला, तेवढ्यात वस्तादांनी माझे मनगट धरले. "एकट्यानं नाही. पलीकडं माणूस उभा कर. इकडचा आणि तिकडचा दोर एका हाकेला सुटला पायजे."

मी उगवतीच्या अंगाला धावलो. कनातीच्या आडोशाला तंबूवरचे गडी अंग चोरून उभे होते. नायलॉनच्या दोरावर तयार झालेले गडी ते. पावसात दोर आखडतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. "चला! मोठे दोर सोडायचेत!"

त्यांच्यातला गेनबा दादाच्या बरोबरीचा, त्या दिवशीही तंबूवरच होता. तो म्हणाला, "येडा झालास का? भावावानी?"

"हो, भावावानीच! तू त्या दिवशी नाय आलास, आज तरी ये! ये, नायतर तुझा हात धरून वढीत नेतो!"

गेनबाने माझ्याकडे पाहिले, मग वर कुरकुरणाऱ्या खांबाकडे पाहिले, आणि तो पावसात आला. त्याच्यामागून बाकीचे आले. मी मावळतीला परत पळालो. वस्ताद तंबूच्या तोंडाशी मधोमध, दोन्ही अंगांना दिसतील असे उभे राहिले आणि त्यांनी काठी वर धरली.

"सोड!" काठी खाली आली. "धर! पुढचा घ्या. सोड! धर!"

एक जोडी झाली की दुसरी. छत खाली आले, पोट सुटलेल्या माणसासारखे ओघळले. त्याच्यावर साचलेले पाणी एका कडेने धबधब्यासारखे खाली कोसळले. खांब डोलला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि मधोमध येऊन उभा राहिला. आतून एका बाईचा आवाज आला, "अगं बया, पिच्चर बंद झाला की!"

पिक्चर बंद झाला होता. तंबू उभा होता.

पाऊस गेल्यावर बाया चिखल तुडवत हसत घरी गेल्या. आम्ही ओलेचिंब बसलो होतो. गेनबा मान खाली घालून बसला होता. तेव्हा वस्ताद बोलले.

"तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण तू ऐकलं नसतंस. तेव्हा तू दोराचंसुद्धा ऐकलं नसतंस. आता ऐक. कोरड्यात बांधलेला दोर ओला झाला की आखडतो. तेव्हा ढील दिली नाही तर तो मेख तरी उपटतो, नाहीतर तुटतो. हे मी तुझ्या भावाला शिकवलं होतं. त्या दिवशीही वारा मावळतीचा होता, म्हणून तिकडच्या मेखा आधी गेल्या असत्या. त्यानं तिकडून सुरुवात केली, ते बरोबरच केलं. पण तो एकटा होता. मावळतीचे दोर सैल झाले आणि उगवतीचे तसेच आखडत राहिले. खांब उगवतीकडं ओढला गेला."

मी म्हणालो, "म्हणजे तो पळत होता..."

"पळतच होता. पण भिऊन पळणारा माणूस तंबूपासून लांब जातो रे. हा तर उगवतीच्या दोराकडं चालला होता, खांब जिकडं कलत होता तिकडंच. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून दोन्ही टोकांना तोच पळत होता."

गेनबा मोठ्याने रडू लागला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो.

वस्ताद पुढे म्हणाले, "लोक तुला म्हणतात, टेन्शन घेऊ नको. ते होणार नाही. दोर आहे तोवर ताण आहे. तो घ्यावाच लागतो. आपण एवढंच बघायचं, की पलीकडच्या टोकाला कोणी आहे का. आणि सैल करायची वेळ आली की हाक मारायची. एका अंगानं सोडलेल्या दोरानं घर पडतं."

मला एकदम घर आठवले. मी माझ्या टोकाला मारामाऱ्या करत होतो. वहिनी तिच्या टोकाला फोटो पालथा घालून बसली होती. मनू मधल्या खांबासारखी मुकी उभी होती. सगळे ओले, सगळे आखडलेले, आणि हाक कोणी मारत नव्हते.

जत्रा संपली तसा मी अंबाडीच्या दोराचा एक तुकडा आणि दोन मेखा घेऊन घरी गेलो. गेनबाही बरोबर आला. दादा कुठल्या दिशेने पळत होता, ते त्याने वहिनीला स्वतःच्या तोंडाने सांगितले. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. तिला पटले की नाही, कळेना. तोंडी सांगितलेले आम्हा कोणालाच कधी पटत नाही.

मग मी अंगणात दोन मेखा ठोकल्या, दोर ताणून बांधला आणि मनूला म्हणालो, "तांब्याभर पाणी आण." तिने आणले. "ओत दोरावर. आणखी आण." ती ओतत राहिली. वहिनीचा हात धरून मी दोरावर ठेवला आणि तिथेच ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने दोर तिच्या हाताखाली आखडला. एका मेखेजवळची माती उकलली आणि मेख कलू लागली. वहिनीने एकदा मेखेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या तोंडून त्याचे नाव निघाले. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाबा हेच सोडत होते?" मनूने विचारले.

"हेच."

दुसऱ्या दिवशी मला तंबूबरोबर पुढच्या जत्रेला निघायचे होते. त्या दोघींसाठी त्या वेळी मी शेवटचे एवढेच केले. वहिनीला एका मेखेपाशी बसवले, मनूला दुसऱ्या मेखेपाशी. दोघींचे हात गाठींवर ठेवले. आणि मधे उभा राहून, हातात काठी नव्हती म्हणून नुसता हात वर करून, मी हाक दिली, "सोडा."