डुब्या बेडूक आणि तापलेला डबा

एक होता डुब्या. इवलासा हिरवा बेडूक. राहायचा कुठे? चारूताईच्या कॉम्प्युटरमधल्या खेळात! तळ्याच्या पलीकडे त्याची आई. मधे कमळाची पानं. चारूताई बटण दाबायची, डुब्या उडी मारायचा. टपाक टपाक!

आलं, आलं, शेवटचं पान आलं. आईनं हात पसरले. आणि...

फट्ट! पडदा काळाकुट्ट. खेळ बंद!

पुन्हा पहिलं पान. पुन्हा टपाक टपाक. पुन्हा फट्ट!

"अरे डब्या, तुला मी माझ्या हातांनी जोडलंय ना?" चारूताई कॉम्प्युटरच्या डब्याला म्हणाली. "मग रुसतोस काय असा?"

डुब्याला आलं रडू. "मला आईकडे जायचंय!" त्यानं पडद्यातून मारली उडी. टपाक टपाक, डब्यापाशी आला.

"डबेदादा, डबेदादा, खेळ चालेना, आई भेटेना! चालव ना रे!"

"अहं! मी तापलोय. आधी पंखा फिरू दे, मग मी निवतो."

टपाक टपाक, डब्यातल्या पंख्यापाशी.

"पंखेदादा, पंखेदादा, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! फिर ना रे!"

"अहं! मी अडकलोय. आधी पुंजका निघू दे, मग मी फिरतो."

पुंजका होता मांजराच्या केसांचा. पांढरा, मऊमऊ, पंख्यात गुरफटलेला.

"पुंजकेबुवा, पुंजकेबुवा, पंखा फिरेना, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! निघा ना हो!"

"अहं! आधी कुंचला झाडू दे, मग मी निघतो."

टपाक टपाक, कुंचल्यापाशी.

"कुंचलेराव, कुंचलेराव, पुंजका निघेना, पंखा फिरेना, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! झाडा ना हो!"

"अहं! आधी ताई उठू दे, मग मी झाडतो."

टपाक टपाक, ताईपाशी.

"चारूताई, चारूताई, कुंचला झाडेना, पुंजका निघेना, पंखा फिरेना, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! ऊठ ना गं!"

"अहं! मांडीवर ढमा झोपलीय. झोपलेल्या मांजराला कुणी उठवतं का? आधी ढमा सरकू दे, मग मी उठते."

ढमानं एक डोळा उघडला.

"ढमाबाई, ढमाबाई, ताई उठेना, कुंचला झाडेना, पुंजका निघेना, पंखा फिरेना, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! सरका ना हो!"

"खुर्रर्र... अहं! आधी दुधाची वाटी येऊ दे, मग मी सरकते. वाटी गेलीय शेजारी. काल शिरा घेऊन गेली, ती तिकडेच बसली."

टपाक टपाक, शेजारी. ढवळेकाकू खिडकीतून बघतच होत्या.

"काय रे, मघापासून फट्ट फट्ट कसलं चाललंय? आणि तू कुणाचा?"

"काकू, काकू, वाटी येईना, ढमा सरकेना, ताई उठेना, कुंचला झाडेना, पुंजका निघेना, पंखा फिरेना, डबा निवेना, खेळ चालेना, आई भेटेना! वाटी द्या ना हो!"

"अगंबाई! शेजारची वाटी रिकामी कशी देऊ? शोभतं का ते? चिवडा संपला. लाडू व्हायचेत. घालू तरी काय?"

डुब्या म्हणाला, "दूध घाला की!"

"अय्या! हे मला सुचलंच नाही!"

काकूंनी दूध घातलं आणि वाटी घेऊन स्वतःच आल्या. वाटी आली, टिंग! ढमा सरकली, लप लप लप! ताई उठली. आधी बटण बंद केलं, वायर काढली. कुंचल्यानं झाडलं, खस खस खस! पुंजका निघाला, फूऽऽ! ताईनं वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, भर्रर्र! डबा निवला, हुश्श! खेळ चालला!

डुब्यानं पडद्यात मारली उडी. टपाक टपाक, टपाक टपाक... आलं शेवटचं पान. ताईनं श्वास धरला. काकूंनी पदर धरला. ढमानं शेपटी धरली.

टपाक!

"आलास रे माझ्या राजा!" म्हणत आईनं त्याला कुशीत घेतलं. घट्ट, घट्ट, घट्ट.

आणि फट्ट?

छे! फट्ट झालंच नाही.