एका माणसाची भाजी

“आता तुम्हीच बोला, बाबा. बटाट्यानं पोट भरतं, पण अंगाला काय लागतं?”

डॉक्टर रघुवीर खळदकर विचारत होते, पण उत्तरासाठी थांबत नव्हते. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात आहारशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर गावोगाव व्याख्यानं देत. आजचं व्याख्यान आटोपलं होतं, एसटीला अवकाश होता, म्हणून ते नदीकाठच्या तकियात येऊन टेकले होते. तिथं दावलशा नावाचे म्हातारे फकीर एकटेच राहत.

“पालेभाजीत लोह आहे, कॅल्शियम आहे, अ जीवनसत्त्व आहे. बटाट्यात काय? नुसतं पिष्ट.”

“दुसरं काहीच नाही?”

“आहे की. पोटॅशियम आहे, थोडं क जीवनसत्त्व आहे. ताकद म्हणाल तर पालेभाजीहून जास्तच मिळते. पण दोन्हींची तुलना करायची झाली...”

“आज काय जेवलात, साहेब?”

डॉक्टरांचं वाक्य तिथंच राहिलं.

“डबा आणला होता घरून. उकडलेले बटाटे.”

“आणि काल?”

डॉक्टर नदीकडे बघत राहिले. पलीकडच्या काठावर एक म्हैस पाण्यात उतरत होती.

“...बटाटेच.”

फकिरांनी मान हलवली.

“माझी बायको, हेमलता, होती तोवर रोज पालेभाजी असायची,” डॉक्टर म्हणाले. “ती गेल्यावर मीही आणून पाहिली. जुडी एका माणसाला संपत नाही, बाबा. निम्मी शिजवली की निम्मी पिवळी पडते. बटाटा थांबतो.”

“कधीपर्यंत थांबतो?”

“भुकेची आठवण होईपर्यंत.”



मग दावलशा गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीमागच्या ओलीवर तांदुळजा माजला होता. त्यांनी तो मुळांसकट उपटला, उपरण्यात भरून आणला आणि दोघांच्या मधे ओतला. ते निवडायला बसले. डॉक्टरांना ‘बसा’ असं काही म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी एक काडी उचलली.

“ही आधी धुवायची आणि मग चिरायची,” ते म्हणाले. “चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं.”

“हं.”

पाच-सात काड्या झाल्या. डॉक्टरांचा आवाज खाली आला.

“कोवळे देठ टाकलेले तिला खपायचे नाहीत. माझ्या ढिगातून वेचून परत घ्यायची. म्हणायची, शिकवता एवढं आणि टाकता तेवढंच.”

“खरं होतं?”

“खरंच होतं.” डॉक्टर हसले. हसू आलं ते त्यांनाच नवं वाटलं. “एकदा तर निवडता निवडता असे भांडलो आम्ही, की भाजी तशीच राहिली. बाहेर जाऊन मिसळ खाल्ली.”

मग ते सांगतच राहिले. तिचा खोकला, तिची रेडिओची वेळ, दवाखान्यातला शेवटचा आठवडा. तेव्हा ती काय म्हणाली, हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. दावलशा पानं खुडत होते, मधूनच ‘हं’ म्हणत होते.

उन्हं उतरली. एका बाजूला हिरव्या पानांचा ढीग झाला, दुसरीकडे मुळं, जून देठ, किडकी पानं.

डॉक्टरांनी शेवटची काडी ठेवली. हाताची माती झटकली, डोळे पुसले आणि चपलेकडे पाय नेला.

“झालं, बाबा.”

दावलशांनी दोन्ही हातांनी टाकाऊ ढीग उचलला आणि निवडलेल्या पानांवर ओतला. वरून हात फिरवून सगळं एक केलं.

“अहो! हे काय केलंत? सगळी निवडून झाली होती!”

दावलशांचा हात त्या ढिगावरच राहिला. त्यांनी वर पाहिलं नाही.

“निवडून झाली की माणसं उठून जातात, साहेब.”