गोल कप्पा

"...मग अप्पा, यातली कुठली घेऊ?"

शार्दूल माणगावे पुन्हा तेच विचारत होता. अप्पा हुपरीकर सुपारी कातरत बसले होते.

अप्पांनी उभं आयुष्य नदीकाठच्या जनावरांचे फोटो काढण्यात घालवलं. आता डोळे अधू झाले, कॅमेरा कपाटात गेला. तरी त्यांच्या ओसरीवर शिकायला माणसं येतातच. आम्हीही त्यातलेच. शार्दूल आमच्यात सगळ्यात हुशार. आणि हे आम्हाला सांगायची गरज नव्हती, तो स्वतःच सांगायचा.

त्या सकाळी त्यानं ओसरीवर तीन नग मांडले होते. चाकांची टणक पेटी, खांद्याला तिरकी लटकवायची बॅग आणि पाठीवरची भलीमोठी सॅक. रुखवत मांडावा तसं सगळं मांडलं होतं.

अप्पांनी पेटीचं चाक बोटानं फिरवलं.

"वाळूत चालतं?"

"वाळूत... नाही चालत. पण विमानाला फार सोयीची आहे, अप्पा."

"पाणमांजरं विमानतळावर राहतात का रे?"

आम्ही हसलो. शार्दूल नाही हसला.

मग अप्पांनी तिरक्या बॅगेची झडप उघडली. चर्रर्र. समोरच्या शेवग्यावरचा कावळा उडाला.

अप्पांनी उडत्या कावळ्याकडे पाहिलं. बॅग बाजूला ठेवली.

राहिली सॅक. अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. ती पाठीच्या बाजूनं उघडत होती. म्हणजे जमिनीवर ठेवताना पट्टे वर राहणार, चिखल त्यांना लागणार नाही, आणि पुन्हा पाठीवर घेताना सदरा खराब होणार नाही.

"ही डोकं चालवून घेतलीयस," अप्पा म्हणाले.

शार्दूल खुलला. त्यानं सॅक पूर्ण उघडून दाखवली. दोन कॅमेरे, लहानमोठ्या लेन्सा, बॅटऱ्या, चार्जर, पुसायची फडकी, आणि ती फडकी ठेवायला वेगळी पिशवी. प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा कप्पा.

"सुई जायला जागा नाही, अप्पा."

"खरंच नाही," अप्पा म्हणाले.

त्याला ती शाबासकी वाटली. आम्हालाही वाटली, खोटं कशाला बोला.

---

शार्दूलला पाणमांजरांचा फोटो हवा होता तो आईसाठी. तिचं माहेर याच नदीच्या काठचं. आता ती पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही. नातवंडांना ती लहानपणच्या पाणमांजरांच्या गोष्टी सांगायची. जाळ्यातले मासे कशी पळवायची, काठावर येऊन लहान पोरांसारखी कशी लोळायची. नातवंडं हसायची. हल्ली ती स्वतःच म्हणायला लागली होती, "जाऊ दे, आता कुठली असायला? नदी तरी राहिलीय का ती?"

हे सांगताना शार्दूल त्या बॅगांकडे बघायचंही विसरला होता. तेवढ्यापुरता तो आम्हाला फार आवडला.

पाणमांजरं होती. पलीकडच्या काठाला, खडकाखालच्या डोहात. तिकडे सोडणारी नाव एकच, बाळाक्काची. बाळाक्का उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावते आणि तिथंच खोप घालून राहते.

"जा उद्या," अप्पा म्हणाले. "अक्काला माझा नमस्कार सांग."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. सॅक ओसरीवर टेकवली, ती जरा आपटलीच.

"तुमच्या अक्कानं नेलं नाही. नाव गळतेय म्हणाली."

अप्पा सुपारी कातरत राहिले.

"माझ्यासमोर दोघांना पलीकडे सोडून आली, अप्पा. तेव्हा नाही गळली ती."

शार्दूलनं कपाळाचा घाम पुसला.

"तुमचा नमस्कार सांगितला. हसली. बसा म्हणाली, पाणी दिलं. सगळं नीट चाललं होतं."

"आणि?"

"आणि काय? मळ्यातलं एक कलिंगड तोडून पुढं ठेवलं. हे एवढं. म्हणाली, घरी न्या. मी म्हटलं, अक्का, राहू दे, बॅगेत जागा नाही. दाखवलंसुद्धा तिला उघडून. तिनं बघितलं. मग म्हणाली, नाव गळतेय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नदीच्या त्या वाळूत पाय ठेवलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत आणि त्यानंही नाही म्हणायचं नसतं, हे शार्दूलच्या आईनं त्याला सांगितलं नसावं. किंवा सांगितलंही असेल, त्यानं ऐकलं नसेल.

"मी काय चुकलो? खरं तेच सांगितलं ना? जागा नव्हतीच."

अप्पा उठले. आत गेले. स्वयंपाकघरात काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एक लाल भोपळा होता. चांगला गरगरीत.

"काढ सगळं बाहेर."

"अप्पा..."

"काढ."

शार्दूलनं सामान काढलं. आतले मऊ पडदे सोलून काढले. सॅक पार मोकळी झाली. अप्पांनी भोपळा उचलला आणि तिच्या मधोमध बसवला.

"आधी हा. आता उरलेल्या जागेत तुझं भर."

शार्दूल भोपळ्याकडे बघत होता. भोपळा शार्दूलकडे बघतोय असं वाटत होतं.

"मोठी लेन्स बसत नाही," तो शेवटी म्हणाला.

"हं."

"दुसरा कॅमेराही नाही बसत."

"हं."

"मग फोटो काढू कशानं?"

"बसेल त्यानं," अप्पा म्हणाले आणि पुन्हा सुपारीला लागले.

एक कॅमेरा बसला. एक मधली लेन्स बसली. फडकी बसली, तिची पिशवी नाही. शार्दूलनं चेन लावली. हात घालून अंदाज घेतला. मग भोपळा काढून अप्पांना परत दिला आणि तसाच, पाणीही न पिता, नदीकडे गेला.

अप्पांनी रात्री त्याच भोपळ्याचे घारगे केले. आम्ही हाणले.

---

नंतर बरेच दिवस त्याचा पत्ता नव्हता. उन्हाळा सरत आला आणि एके सकाळी तो हजर झाला. चेहऱ्यावर असं समाधान, की आम्हाला विचारायलाच नको.

"नेलं अक्कानं?"

"स्वतः वल्हवत नेलं. कलिंगड सॅकमध्ये घातलं ते बघितलं, आणि म्हणाली, चला. वाटेत माझ्या आजोळचं घराणं विचारलं. आईचं लग्न आठवतंय तिला."

त्यानं फोटो पुढं केला. मधली लेन्स, त्यामुळे जनावरं लहान दिसत होती. पण होती. खडकावर तिघं, ओली, एकमेकांच्या अंगावर पडलेली. आणि मागं अख्खी नदी आली होती. मोठ्या लेन्समध्ये ती आली नसती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

अप्पांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. पुष्कळ वेळ बघितला.

"आई काय म्हणाली?"

शार्दूलनं फोटो परत घेतला.

"फोटो बघितला. मुलांना हाका मारमारून दाखवला. खूष झाली, अप्पा, खूपच. पण..."

"पण?"

"मग कलिंगड कापलं. तिनं एक फोड तोंडात घातली आणि डोळेच मिटले. म्हणाली, हे वाळूतलं आहे. बाजारातलं नाही. बियांसकट खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळत होता आणि ती रडत होती. हसतही होती. मला जवळ घेतलं. किती वर्षांनी घेतलं असेल..."

त्यानं शेवग्याकडे तोंड फिरवलं. मला फार बरं वाटलं त्या दिवशी, एवढंच सांगतो.

जरा वेळानं शार्दूल सावरला. आणि सावरला म्हणजे पूर्ववत झाला. त्यानं पाठीवरची पिशवी पुढं ओढली. आमच्या लक्षात आलं, ही नवीन होती.

"पुण्यात खास शिवून घेतली. बघा तरी. सगळ्या चेनी बिनआवाजाच्या. पट्ट्यांना चिखल लागत नाही. कॅमेऱ्याला एक कप्पा, लेन्सला एक. बास. आणि हे..."

त्यानं चेन ओढली. पिशवीच्या मधोमध एक गोल कप्पा होता. आत जाड गादी, वर जाळी, कडेनं दुहेरी शिवण.

"कलिंगडाचा. मापानं केलाय. उलटी टांगली तरी फळ हलणार नाही. परवा पुन्हा जातोय अक्काकडे, आईनं तिला साडी दिलीय."

अप्पांनी गोल कप्प्यात हात घालून चारी बाजूंनी फिरवला. शिवण चाचपली. तोंड भरून हसले.

"झकास शिवलीय रे."

"मग? आता सांगा. बरोबर आहे ना पिशवी?"

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"वाळूतली कलिंगडं गेल्या आठवड्यात संपली," ते म्हणाले. "अक्का काठावर राहायला आलीय. तिथल्या खोपीवर दुधीचा वेल लगडलाय."

शार्दूल कप्प्याकडे बघत राहिला...

"मग?"

"दुधी लांब असतो," अप्पा म्हणाले.