दोन हत्तींचा रस्ता

डोंगरांना अजून नावंही मिळाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धुक्याच्या पलीकडे एक राज्य होतं. तिथे सकाळ उशिरा उजाडायची. ढग अंगणात येऊन बसायचे आणि कुणी त्यांना उठवत नसे.

या राज्यात रस्त्यांचा एकच नियम होता आणि तो तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला होता. दोन हत्ती अंबारीसकट समोरासमोरून आले, तरी अंगाला अंग लागू नये, एवढा रस्ता रुंद हवा. तो सुतासारखा सरळ हवा आणि सगळा घडीव दगडाचा हवा. रुंदी मोजायला वेळूची एक लांबच लांब काठी होती. तिला हत्तीकाठी म्हणत. ती उचलायला चार माणसं लागत आणि वळणावर ओरडायला पाचवा.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. राजाच्या पणजोबांकडे खरोखरच दोन हत्ती होते आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर होतं. जवळ आले की सोंडा उगारत. म्हणून बिचाऱ्या पणजोबांनी रुंद रस्त्याचा नियम केला. पुढे दोन्ही हत्ती म्हातारे होऊन मेले. नियमाला मात्र कुणी मरू दिलं नाही.

राजाच्या मिस्त्रीने डोंगरातल्या पाड्यांकडे जाणारा रस्ता याच नियमाने बांधायला घेतला. सात वर्षं लोटली. दगडाची खाण संपली आणि रस्ता भर रानात थांबला. रस्ता इतका देखणा होता, की त्यावर सरडेसुद्धा जपून चालत. शेवटचा पाडा तिथून अजून पाच कोस दूर होता.

फाल्गुनातल्या एका सकाळी मिस्त्री रस्त्याच्या टोकाशी उभा होता. तेवढ्यात समोरच्या झाडोऱ्यातून एक बाई बाहेर आली. तिच्या पायांना काटे लागले होते आणि काखेत औषधांचं बोचकं होतं. ती त्या मुलखातली सुईण होती.

“कसा वाटला रस्ता, मावशी?” मिस्त्रीने हौसेने विचारलं.

तिने दगडावरून हात फिरवला. “लई झ्याक हाय, बाबा. फकस्त आमच्यापत्तुर येत न्हाई.”

मिस्त्रीचा चेहरा उतरला. सुईण तिथेच टेकली आणि बोलू लागली.

“ह्या हातांनी किती बाळंतपणं केली, मोजदाद न्हाई. पर माझी थोरली वरच्या पाड्यात अडली, तवा श्रावण हुता. गाडी चिखलात रुतली, फुडं ओढा आडवा. मी पोचले तवा लेक थंड पडली हुती. आता धाकटीला दिवस गेल्यात. तिलाबी त्याच पाड्यात दिलीया आन् तिचाबी श्रावणच हाय.”

एवढं बोलून ती उठली आणि निघून गेली. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. पाच कोसांना अजून पाच वर्षं लागणार होती आणि श्रावण पाच महिन्यांवर आला होता.

काय करावं ते त्याला सुचेना. पाड्यांकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली तो बसला. फुलं टपटप पडत होती. त्यांच्या गोड वासाने डोळे जड होत होते. दोन दिवस तो तसाच बसून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी कुंभाराचं एक म्हातारं गाढव फुलं वेचत त्याच्यापाशी आलं.

“कुणाची वाट बघतोस?” गाढवाने विचारलं. त्या राज्यात दुपारच्या वेळी गाढवं बोलत. लोक झोपलेले असत, म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं.

“रस्ता कसा पुढे न्यावा, ते बघतोय. दोन हत्ती मावायला हवेत.”

“हत्ती?” गाढवाने कान हलवले. “पंधरा वर्षं मी या वाटेवर आहे. मला काही अजून भेटला नाही. तुला इथे कोण कोण भेटलं?”

मिस्त्रीने आठवून पाहिलं. सकाळी बावीस शेळ्या. मग डोक्यावर मोळी घेतलेल्या तीन बाया. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या दोन, त्याही तासाच्या अंतराने. बाकी फुलपाखरं.

“मग त्यांचा रस्ता बांध की! चल, माझ्यामागून ये. मी चढ डोक्याने नाही, पायाने ओळखतो.”

मिस्त्री गाढवामागून चालू लागला. वाट टेकडीला वळसा घालून हळूहळू चढत होती. चालताना त्याला कळलं, की बहुतेक वाट चांगलीच आहे. ती अडते फक्त तीन ठिकाणी: काळ्या मातीच्या दलदलीत, एका उभ्या चढावर आणि ओढ्यापाशी.

तो तडक राजाकडे गेला आणि ओढ्यावर पूल न बांधता एका गाडीपुरताच रस्ता करू म्हणाला. ऐकून राजा संतापला. “पणजोबांचा नियम मोडायचा? शेजारचे राजे आम्हाला भिकारी म्हणतील!”

“महाराज, नियम मोडणाऱ्याचं मिस्त्रीपण जातं, हे मला ठाऊक आहे. माझी काठी काढून घ्या. पण आधी एक दिवस मोहाखाली येऊन बसा.”

राजा आला आणि दिवसभर बसला. शेळ्या गेल्या, मोळ्या गेल्या. एका म्हातारीने राजाला वाटसरू समजून पाणी पाजलं. हत्ती काही आला नाही.

संध्याकाळी राजाने हळूच विचारलं, “पण ओढ्यावर उंच पूल नसेल, तर पुराच्या वेळी लोक काय करतील?”

“घटकाभर थांबतील, महाराज. आज ते चार महिने थांबतात.”

राजा मोहाखालून उठला. मग त्याने हत्तीकाठी मागवली आणि स्वतः कुऱ्हाडीने तिचे तुकडे केले.

रस्ता एका गाडीपुरता झाला. हाकेच्या अंतरावर एकेक बगल ठेवली, म्हणजे समोरून गाडी आली तर एकीने बाजूला व्हावं. शेजारच्याच टेकडीचा मुरूम घातला, कडेने चर खणले. उभ्या चढाला गाढवाच्या वाटेने वळसा दिला. ओढ्यात दगडी फरशी घातली, पाणी वरून गेलं तरी चाक रुतू नये म्हणून. तिचे दगड त्या देखण्या रस्त्याच्या टोकाचेच उपसून आणले. हत्तीकाठीचे तुकडे फरशीच्या कडेने रोवले आणि प्रत्येकावर गेरूची रेघ ओढली. पाणी रेघेच्या वर असेल तर थांबायचं.

श्रावणात धाकटीचा सांगावा आला. सुईण गाडीत बसली. दलदलीतून गाडी सुखरूप गेली, चढही चढली. ओढ्याशी मात्र ती थांबली. गेरूची रेघ पाण्याखाली होती.

गाडीवानाने खाली मान घातली. सुईण उतरून काठावर बसली आणि त्या वेळूकडे बघत राहिली. थोरलीच्या वेळीही ती अशीच बसली होती. पाऊस थांबला. पाणी गढूळ होतं, मग थोडं निवळलं. घटकाभराने पाण्यातून लाल रेघ वर आली.

“हाक गाडी!” ती ओरडली.

चाकं फरशीवरून खडखडत गेली. सुईण पोचली, तेव्हा लेक कळा देत होती. दिवस मावळायच्या आत पाड्यावर बाळाचं रडणं ऐकू आलं. सुईणीने नात छातीशी धरली आणि थोरलीची आठवण काढून ती मोठ्याने रडली.

राजाने जुना पत्रा वितळवला आणि नव्यावर कोरलं: आधी वाटेवर बसावं, मग काठी धरावी. मिस्त्रीचं मिस्त्रीपण राहिलं. मोहाची फुलं दर फाल्गुनात सगळ्यांत आधी त्या गाढवाला मिळू लागली. पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक पाड्याला रस्ता झाला.

तात्पर्य: रस्ता चालणाऱ्याच्या पायाने मोजावा, राजाच्या हत्तीने नव्हे.