टिकली उंदरीण आणि अडकलेला खण

एक होती उंदरीण. एवढीशी. नाव तिचं टिकली. तिची एकच लेक. ती तर तिच्याहूनही एवढीशी. नाव तिचं मोहरी.

दोघी राहायच्या रेवतीताईच्या घरात, खोलीच्या कोपऱ्यातल्या बिळात. रेवतीताईला काही हे ठाऊक नव्हतं. नव्हतं तेच बरं.

एक दिवस त्या खोलीत धाडधूड सुरू झाली. रेवतीताईला घरातच ऑफिस थाटायचं होतं. पण विकत काही आणायचं नव्हतं. माळ्यावरचं जुनं टेबल खाली आलं. जुन्या साडीचा पडदा झाला. परसातल्या विटेला पिवळा रंग लागला.

"टेबल डुगडुगतंय रे माधव," रेवतीताई म्हणाली.

"एक पाय तोकडा आहे त्याचा. वीट वाळली की देऊ खाली," माधवदादा म्हणाला. "आणि तुझा पडदा बघ, जमिनीवर लोळतोय. काप की थोडा."

"आईची साडी आहे ती. तिला कात्री नाही लावायची. लोळू दे पदर."

मग रेवतीताईनं टेबलाला हळदकुंकू लावलं. टेबलाचा खण रिकामा बंद करू नये म्हणतात. म्हणून तिनं खणात ठेवला गुळाचा खडा. वर खोबऱ्याचा तुकडा. आणि फुलं आणायला वळली.

गुळाचा वास सुटला. मोहरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. टेबलाच्या पायावरून वर. वरून खणात.

रेवतीताई आली. तिनं फूल वाहिलं. खण ढकलला. खटाक.

"चल माधव, जेवून घेऊ," ती म्हणाली. दोघं गेली.

मोहरी आत. अंधार आत. आतून आवाज आला. चीं चीं चीं चीं.

बिळात टिकली दचकली. तिची छाती लागली उडायला. धडधड धडधड. बाहेर मोठी खोली. लख्ख उजेड. लपायला जागा नाही. टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

गेली खणाकडे. म्हणाली,

"माझी मोहरी बाहेर येईना.

खणोबा, खणोबा, उघडा ना."

खण कुरकुरला. कर्र कर्र. "मी नाही उघडत. टेबल झालंय तिरकं, मी बसलोय अडकून. आधी टेबल सरळ होऊ दे."

आतून आवाज आला. चीं चीं चीं.

टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली टेबलाकडे. म्हणाली,

"खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

टेबलदादा, टेबलदादा, सरळ हो ना."

टेबल डुगडुगलं. डुग डुग. "मी नाही होत. माझा एक पाय तोकडा. आधी वीट येऊ दे खाली."

वीट होती भिंतीपाशी, वर्तमानपत्रावर. म्हणजे खोलीच्या पार पलीकडे. टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. विटेला म्हणाली,

"टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

वीटताई, वीटताई, हल ना."

विटेनं नाक मुरडलं. "मी नाही हलत. अंगभर ओला रंग. हलले तर पुसला जाईल. आधी रंग वाळू दे."

रंग तिथेच होता. विटेच्या अंगावर. टिकली त्यालाच म्हणाली,

"वीट हलेना,

टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

रंगभाऊ, रंगभाऊ, वाळ ना."

रंग चिकटपणे हसला. पच पच. "मी नाही वाळत. खोलीत नुसता उकाडा. आधी वारा येऊ दे."

आतून आवाज आला. चीं चीं. आता हळू झाला होता.

वारा होता बाहेर. खिडकीला बारीकशी फट होती. टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंत चढली. फटीला तोंड लावलं. म्हणाली,

"रंग वाळेना,

वीट हलेना,

टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

वारामामा, वारामामा, ये ना."

वारा फटीतून कुजबुजला. सूं सूं. "मी नाही येत. एवढ्याशा फटीतून माझी शेंडीसुद्धा मावत नाही. आधी खिडकी उघडू दे."

बघा बरं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. टिकलीनं काय करावं? तिनं खिडकीला विचारलं,

"वारा येईना,

रंग वाळेना,

वीट हलेना,

टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

खिडकीमावशी, खिडकीमावशी, उघड ना."

खिडकी म्हणाली, "मी नाही उघडत. पडदा पडलाय अंगावर. माझी कडीच मला दिसत नाही. आधी पडदा सरकू दे."

आतून आवाज आला. चीं. एकच.

टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी ती खाली उतरली. पडद्यापाशी आली. म्हणाली,

"खिडकी उघडेना,

वारा येईना,

रंग वाळेना,

वीट हलेना,

टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

पडदेकाका, पडदेकाका, सरक ना."

पडदा काही मोठ्यानं बोलला नाही. अगदी हळू बोलला. "मी नाही सरकत. मला सरकताच येत नाही. माझ्या पदरावर कोण झोपलंय बघ."

टिकलीनं बघितलं.

पदरावर होता ढोल्या बोका. केवढा मोठा. पोट वर. पोट खाली. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

टिकली जागच्या जागी थिजली. शेपटी हलेना. मिशी हलेना. छाती धडधड धडधड. तिला वाटलं, बिळात जावं. आत्ताच जावं. बीळ जवळच होतं.

तिनं खणाकडे कान दिला. आतून आवाजच आला नाही.

टिकलीला भीती वाटली. खूप वाटली. तरी गेली. तुरुतुरु नाही बरं. एक एक पाऊल. बोक्याच्या कानापाशी गेली. म्हणाली,

"पडदा सरकेना,

खिडकी उघडेना,

वारा येईना,

रंग वाळेना,

वीट हलेना,

टेबल सरळ होईना,

खण उघडेना,

माझी मोहरी बाहेर येईना.

बोकोबा, बोकोबा, उठा ना."

बोक्यानं एक डोळा उघडला. हिरवा हिरवा डोळा.

"मी नाही उठत," बोका म्हणाला. "मी उठतो कधी? उंदीर पळतो तेव्हा. तू पळ. मग मी उठतो."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. होती ती एकटी टिकली.

टिकलीनं डोळे मिटले. डोळे उघडले.

"बरं," ती म्हणाली. "पळते."

आणि टिकली पळाली.

बोका उठला. धप.

पदर सुटला. पडदा सरकला. सर्र.

टिकली पुढे, बोका मागे. तुरुतुरु तुरुतुरु. धप धप धप.

पडदा सरकला, खिडकी उघडली. खाड.

खिडकी उघडली, वारा आला. सूं सूं सूं.

टिकली खुर्चीखालून, बोका खुर्चीवरून. खुर्ची पडली धाडकन.

वारा आला, रंग वाळला. फर फर फर.

रंग वाळला, वीट हलली. घर घर घर.

टिकली भिंतीकडे, बोका भिंतीकडे. बोक्याचा पंजा शेपटीला लागला. एवढासाच लागला.

वीट हलली, टेबल सरळ झालं. टक.

टेबल सरळ झालं, खण उघडला. कर्र. फार नाही. बोटभरच.

फटीतून इवलंसं नाक बाहेर आलं. मोहरीचं नाक.

"बाहेर येऊ नको," टिकली ओरडली. "मोहरी, आत राहा."

टिकली टेबलाच्या पायावर चढली. सरसर सरसर. मारली उडी. गेली फटीतून आत.

मागून बोक्यानं उडी मारली. धडाम. पण टेबल आता डुगडुगलं नाही. चार पाय घट्ट रोवून उभं राहिलं. मग बोक्याचा पंजा आला आत. चार नख्या. इकडे चाचपला. तिकडे चाचपला. गुळाला लागला. गूळ तसाच होता. मोहरीनं तो चाटलासुद्धा नव्हता. टिकलीनं मोहरीला पोटाशी धरलं आणि ती खणाच्या कोपऱ्यात चिकटून राहिली. पंजा जवळ आला. आणखी जवळ आला.

"अरे ढोल्या, काय धिंगाणा मांडलायस?" दारातून आवाज आला. रेवतीताई जेवता जेवताच उठून आली होती, एक हात खरकटाच. तिनं दुसऱ्या हातानं बोक्याला काखोटीला मारलं. "माझं नवं ऑफिस आहे हे. तुझा आखाडा नाही."

बोका म्हणाला, "म्यांव." दुसरं काय म्हणणार?

"माधव, वीट तू लावलीस का रे टेबलाला?"

"छे गं. मी अजून ताक पितोय."

"मग कुणी लावली?" रेवतीताई म्हणाली. पण भात निवत होता. ती बोक्याला घेऊन गेली. दार लावून गेली.

खोली शांत झाली. टिकलीनं फटीतून डोकावलं. कुणी नाही. मोहरीचं मानगूट तोंडात धरलं. टेबलाच्या पायावरून खाली. खोलीच्या कडेकडेनं. तुरुतुरु तुरुतुरु. थेट बिळात.

बिळात गेल्यावर टिकलीनं मोहरीला चाटलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. दोघींची छाती धडधडत होती. मग हळूहळू निवली.

"आई," मोहरी म्हणाली. "आत खूप अंधार होता. मी हाका मारल्या. तू ऐकल्यास?"

"सगळ्या ऐकल्या."

"मग मी गप्प बसले. मला फार भीती वाटली."

"तेही ऐकलं," टिकली म्हणाली. आणि तिनं मोहरीला पोटाखाली घेतलं.

गोष्ट शिरली बिळात,
तुम्ही शिरा पांघरुणात.